चार गुंठ्यांचं कोर्ट

(सरांच्या स्मरणार्थ छत्रपती संभाजीनगर येथे दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

सरांच्या घरची मंडळी, सरांच्या शिट्टीवर धावलेले माझे सगळे मित्र, आणि शेवटच्या दोन रांगांत सरावाचे बूट न काढताच येऊन बसलेल्या मुलींनो,

या व्याख्यानमालेत आजवर संतांवर बोललं गेलं, मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोललं गेलं, पाण्यावर आणि शेतीवर तर कितीदा तरी. खेळाडूवर बोलायची ही पहिलीच वेळ. ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्या सरांनी उभं आयुष्य मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात घालवलं. तरी त्यांच्या विषयाला हात घालायला आपल्याला एवढी वर्षं लागली, याची मला खंत आहे. म्हणून समितीने यंदा विषय विचारला तेव्हा मी फोनवरच नाव सांगून टाकलं. अब्बास मुंतसीर. पलीकडून विचारणा झाली, 'ते कोण?' तेव्हाच ठरवलं की यावर बोलायचंच.

पूर्ण नाव गुलाम अब्बास मुंतसीर. मुंबईच्या नागपाड्याचे. भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार. १९७० सालचे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. आशियातल्या निवडक खेळाडूंच्या संघात ज्यांचं नाव आलं असे आपल्या महाराष्ट्राचे खेळाडू. सरांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नववीत होतो. चेंडू हातात आला की मी डोळे मिटून रिंगकडे भिरकावत असे. सरांनी शिट्टी वाजवली, जवळ आले आणि म्हणाले, "अरे, हा दगड नाही. नागपाड्याला जा एकदा. अब्बासभाईंच्या गल्लीतली पोरं चेंडू कसा सोडतात ते बघून ये." तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आपल्या आजच्या संभाजीनगरहून, मुंबई एका रात्रीची वाट होती, आणि नववीतल्या पोराला कोण पाठवणार? पण नाव डोक्यात बसलं.

नागपाडा मी पुढे पाहिलं, कॉलेजात असताना. मुंबई सेंट्रलला उतरून चालत गेलो. भायखळा, आग्रीपाडा, कामाठीपुरा यांच्या मधली ती दाट वस्ती. दुकानांवर उर्दू पाट्या, हातगाड्या, कबाबांचा धूर, वरच्या मजल्यांवरून वाळत टाकलेले कपडे. आणि या सगळ्यात अचानक एक मोकळा चौकोन. मस्तान तलावाजवळ वायएमसीए आहे, तिथल्या कोर्टावर संध्याकाळचा सराव चालला होता. कुंपणाच्या जाळीला धरून बायका उभ्या होत्या, म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते, आणि चुकीचा पास गेला की चहावाल्यापासून सगळे एकदम ओरडत होते. आपल्याकडे कुस्तीच्या फडाला माणसं जशी तालमीचं नाव घेऊन भांडतात, तशी तिथे माणसं बास्केटबॉलवर भांडत होती. तोवर बास्केटबॉल हा शाळेच्या पीटीच्या तासाचा खेळ अशी माझी समजूत होती. एक अख्खा मोहल्ला त्यावर जगतो हे मी तिथं पाहिलं.

असं का झालं असेल? दाट वस्तीत क्रिकेटला मैदान कुठून आणणार? बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. हिशेब केला तर ४२० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम चार गुंठे. आपल्या शेतकरी भाषेत सांगायचं तर विहिरीच्या कडेचा एक तुकडा. एवढ्या जागेत दहा जण एका वेळी धावतात, आणि बाहेर बसून पन्नास जण आपली पाळी येण्याची वाट बघतात. गरीब वस्तीला परवडेल असा हा खेळ आहे. एक चेंडू, दोन रिंगा.

पण जागा असून भागत नाही, खेळ तिथे कुणीतरी आणावा लागतो. ती कथा आपल्या मराठी इतिहासाशी अशी जोडलेली आहे की मला तिच्यापाशी जरा थांबायचं आहे.

'ज्ञानोदय' हे नाव आपल्याला माहीत आहे. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं नियतकालिक, पुढे रेव्हरंड टिळकांमुळे मराठी वाचकाच्या घरात पोचलेलं. ते चालवणारी संस्था अमेरिकन मराठी मिशन. १८१३ साली तिची पहिली माणसं मुंबईत उतरली, आणि मराठी शिकून तिने नगर, सोलापूर, सातारा भागात शाळा, दवाखाने काढले. त्याच मिशनने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपाड्यात एक घर उघडलं, 'नागपाडा नेबरहूड हाउस'. शेजारघर म्हणू या. ते चालवायला आले क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ. १९२५ साली ते भारतात आले. प्रार्थनेला बोलावण्याआधी वस्तीतल्या माणसाला काय हवं ते विचारावं, अशी त्यांची रीत होती. वाचनालय, दवाखाना, मुलांसाठी खेळ असं सगळं त्या एका छपराखाली आलं. १९३६ साली समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था टाटांच्या विश्वस्त निधीतून निघाली, तिचे पहिले संचालक मॅनशार्ट, आणि तिचे पहिले वर्ग भरले ते याच नागपाड्याच्या घरात. आज आपण जिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो, ती ही. देवनारच्या मोठ्या आवारात शिकून आलेले किती तरी विद्यार्थी आपल्या मराठवाड्यात दुष्काळाचं, स्थलांतराचं काम करतात. त्यांची संस्था आणि अब्बासभाईंचा खेळ एकाच गल्लीत वाढले.

अब्बास मुंतसीर यांचा जन्म १९४२ सालचा. अमेरिकन मिशनऱ्यांच्या हाताखाली त्यांनी बास्केटबॉलचे पहिले धडे घेतले. मुसलमान वस्तीतला मुलगा, ख्रिस्ती मिशनचं कोर्ट, आणि मिशनचं नाव मराठी. धर्म बदलायला आलेली माणसं एवढ्यावर ज्या संस्थेची आपण बोळवण करतो, तिच्या आवारात एका मुलाच्या हातात चेंडू आला आणि तो मुलगा अब्बासच राहून भारताचा कर्णधार झाला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अलीकडे आपण कुणाच्या अंगणात कुणी खेळावं याचे हिशेब फार करू लागलो आहोत.

आता खेळाकडे येतो. मागच्या रांगेतल्या मुलींना हे ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगितलं पाहिजे, नाही तर अब्बासभाईंनी काय साधलं ते कळणार नाही.

डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, बाहेर बर्फ. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतले अठरा आडदांड तरुण, आणि त्यांना बंद खोलीत गुंतवून ठेवण्याचं काम जेम्स नेस्मिथ या कॅनडाच्या मास्तरावर आलेलं. फुटबॉल, रग्बी आत खेळवले तर हाडं मोडणार. मग त्याने विचार केला की गोल जमिनीवर उभा असला की माणूस चेंडू जोरात मारतो. तोच गोल डोक्याच्या वर नेऊन आडवा टांगला, तर जोर कामाचा नाही, चेंडू कमानीतून अलगद सोडावा लागेल. शिपायाने पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर आहे. तेरा नियम लिहिले, त्यातला एक असा की चेंडू घेऊन पळायचं नाही. एवढ्यात सगळा खेळ आला. ताकदीला लगाम, मनगटाला वाव. सर मला 'दगड नाही' म्हणाले ते नेस्मिथचंच तत्त्व होतं. त्या अठरा जणांपैकी एक, डंकन पॅटन, पुढे मिशनरी होऊन भारतात आला आणि येताना खेळही घेऊन आला. म्हणजे बास्केटबॉल जन्मल्यावर दोन-चार वर्षांतच आपल्याकडे पोचला होता. तो क्रिकेटसारखा साहेबाच्या जिमखान्यातून आला नाही, शाळेतून आणि वस्तीतून आला. म्हणूनच असेल, राजेमहाराजांचा क्रिकेटला लाभला तसा आश्रय त्याला लाभला नाही.

१९३६ हे साल मघाशी आलं. नागपाड्यात टाटांची शाळा सुरू झाली त्याच वर्षी बर्लिनला ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला. तोही उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर. अंतिम सामन्याला पाऊस आला, चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असं हरवलं. म्हातारा नेस्मिथ तिथे हजर होता. आणि त्याच बर्लिनमध्ये, त्याच दिवसांत, आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची तरुण मंडळी हुतुतू आणि मल्लखांब जगाला दाखवत होती. सर अमरावतीला त्याच मंडळात शिकले. ते नेहमी म्हणत, "आमची माणसं नेस्मिथच्या गावजत्रेला जाऊन आलीत." दोघांची भेट झाली की नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण भेट झालीच असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

अब्बासभाईंचा काळ साठचं दशक आणि सत्तरचा पूर्वार्ध. आशियात तेव्हा फिलिपिन्स, जपान, दक्षिण कोरिया यांचा दबदबा. फिलिपिन्समध्ये तर बास्केटबॉल हा आपल्याकडच्या क्रिकेटसारखा, गल्लोगल्ली. त्यांच्यासमोर भारताचा संघ म्हणजे लष्करातले, पोलिसांतले, रेल्वेतले उंच जवान, बहुतेक पंजाब आणि राजस्थानचे. त्या काळातल्या बास्केटबॉलच्या अर्जुन पुरस्कारांची यादी वाचा. १९६७ खुशी राम, १९६८ गुरदयाल सिंग, १९६९ हरी दत्त, १९७१ मनमोहन सिंग. या नावांच्या मधोमध १९७० साली नागपाड्याचं नाव येतं. फौजेची छावणी पाठीशी नसलेल्या, मोहल्ल्याच्या कोर्टावर घडलेल्या मुलाचं नाव त्या यादीत यावं, याचं मोल मला फार वाटतं. छावणीत तुम्हाला खुराक मिळतो, सकाळ-संध्याकाळचा सराव हा नोकरीचाच भाग असतो. मोहल्ल्यात तुम्हाला कोर्ट रिकामं होण्याची वाट बघावी लागते, आणि आत गेल्यावर हरलात तर बाहेर. जिंकणारा संघच कोर्टावर राहतो. म्हणून मोहल्ल्यातला खेळाडू सुंदर खेळण्याआधी टिकून राहायला शिकतो.

या कारकिर्दीचं आपल्यापाशी काय उरलं? मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. अब्बासभाईंची उमेदीची वर्षं तोवर बरीचशी सरली होती. म्हणजे त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला तो कोर्टाच्या कडेला उभं राहून. वाडेकरांच्या क्रिकेट संघाने १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली तेव्हा तीही आपण रेडिओवरच ऐकली होती, पण तिच्यावर पुस्तकं निघाली, लेख आले, वाढदिवस साजरे झाले. बास्केटबॉलच्या वाट्याला निकालाची एक ओळ. १९७५ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला. इतकी वर्षं झाली, त्या जागेच्या वर आपल्याला अजून जाता आलेलं नाही. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकला आपण गेलो, तेही अनेक देशांनी बहिष्कार घातल्यामुळे जागा मोकळी झाली म्हणून. तिथे एकही सामना जिंकता आला नाही. आपलं ऑलिंपिक एवढंच.

आता मी माझ्या खऱ्या मुद्द्यापाशी येतो. इंग्रजी वर्तमानपत्रात ज्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात, तो शब्द अब्बासभाईंच्या पिढीला लावायचा कसा? खेळाडू खेळायचा जीव तोडून, पण पगारपत्रकावर तो कारकून असायचा, तिकीट तपासनीस असायचा, हवालदार असायचा. आजही आपल्याकडे बहुतेकांचं तेच आहे. त्यामुळे आपला खेळाडू निवृत्त होतो तो दोनदा. एकदा गुडघा सांगतो तेव्हा, तिशीच्या आसपास, आणि त्या निवृत्तीचा ना समारंभ असतो ना कागद. दुसऱ्यांदा अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी, शाल-श्रीफळ घेऊन, ज्या कामात त्याचा जीव कधीच नव्हता त्या कामातून.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी एका बँकेत खेळाडू म्हणून लागलो. सकाळी सराव, दुपारी हजेरी, वर्षातून पाच-सहा स्पर्धा. चौतिसाव्या वर्षी टेबलावर एक पत्र आलं, चार ओळींचं. संघ बंद करण्यात आला आहे, संबंधितांनी उद्यापासून नेमून दिलेल्या विभागात पूर्ण वेळ हजर व्हावं. संबंधित म्हणजे आम्ही बारा जण. दुसऱ्या दिवशी मी रोख मोजायला बसलो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगा मला नोटांचं बंडल कसं बांधायचं ते शिकवत होता, फार सौजन्याने. त्या रात्री मी घरी कुणाशी बोललो नाही. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बदली झाली. पगार चालू होता, घर चालू होतं, तक्रार तरी कशाची करायची? पण ज्या एका गोष्टीत मला माझी किंमत ठाऊक होती, ती त्या चार ओळींत संपली होती.

जिथे हा खेळ खरोखर पोटापाण्याचा झाला, त्या अमेरिकेतही हे सुखासुखी घडलं नाही. १४ जानेवारी १९६४ ची संध्याकाळ, बॉस्टन. एनबीए या तिथल्या लीगच्या निवडक ताऱ्यांचा वार्षिक सामना, पहिल्यांदाच रात्रीच्या मोक्याच्या वेळी देशभर दूरचित्रवाणीवर दिसणार होता. बाहेर हिमवादळ. आणि आत कपडे बदलायच्या खोलीत बिल रसेल, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन, एल्जिन बेलर हे सगळे दार लावून बसले. त्यांचं म्हणणं एकच, निवृत्तिवेतनाचं लेखी नाही तर तोंडी वचन तरी द्या, तोवर आम्ही कोर्टावर येत नाही. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइनसन. हा एवढा मोठा खेळाडू मोसम संपला की विम्याचा धंदा करत असे, तेव्हा निवृत्तीनंतर काय वाढून ठेवलंय ते त्याला कुणी सांगायला नको होतं. एका संघमालकाने आपल्या खेळाडूंना निरोप धाडला की ताबडतोब बाहेर या, नाही तर परिणाम भोगा. कुणी हललं नाही. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना उशिराने सुरू झाला. पुढे रॉबर्टसनने १९७० साली न्यायालयात दावा लावला, १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर संघ निवडण्याचा मार्ग खेळाडूला मोकळा होत गेला. आज तिथले जे आकडे ऐकून आपण तोंडात बोट घालतो, त्यांची सुरुवात त्या बंद दाराआड आहे.

१९६४ सालची ती खोली आणि १९६४ सालचं नागपाडा. अब्बास तेव्हा बावीस वर्षांचे. खेळ तोच, रिंग त्याच दहा फुटांवर, घोट्यावर येणारा ताण तोच. उलट आपल्याकडे लाकडी फरशी नव्हती, सिमेंट होतं. सिमेंटवर दहा वर्षं उड्या मारलेला गुडघा पन्नाशीत जिना उतरताना काय म्हणतो, ते या सभागृहात माझ्याबरोबर खेळलेले पाच-सात जण सांगतील. ते सगळे आज कडेच्या खुर्च्यांवर बसले आहेत, पाय लांब करता यावा म्हणून.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारची गुणवंत खेळाडूंसाठी निवृत्तिवेतनाची योजना १९९४ सालापासून आहे. तिशी ओलांडलेल्या, खेळातून निवृत्त झालेल्या पदकविजेत्याला ती मिळते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. या चांगल्या गोष्टी आहेत, त्यासाठी माणसं भांडली आहेत. पण ती केंद्राची योजना नीट वाचा. ऑलिंपिक, जागतिक स्पर्धा, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा यांतलं पदक लागतं. आता आपला खेळ बघा. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत बास्केटबॉलचे पाच संघ होते, आपण चौथे आलो. पदक तिथेही एका पायरीने हुकलं, आणि त्यानंतर आशियाई स्पर्धेचं पदक या खेळात भारताला मिळालेलंच नाही. म्हणजे देशाचं नेतृत्व केलेला, आशियाने ज्याला आपल्या निवडक संघात घेतलं असा खेळाडूही या चौकटीत पदकविजेता ठरत नाही. सांघिक खेळात बाराही जण चांगले लागतात, आणि समोरचे बारा तुमच्याहून दहा सेंटीमीटरने उंच असतात. एकट्याच्या तेजाला तिथे पदक नाही. कुस्तीत निदान एकटा मल्ल एकट्याच्या बळावर पदक आणू शकतो. आणि आणूनही खाशाबांचं काय झालं, ते आपण महाराष्ट्राने पाहिलं. १९५२ सालचं हेलसिंकीचं कांस्य आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर.

माझी मागणी साधी आहे, आणि क्रीडा खात्यातली मंडळी समोर बसली आहेत म्हणून स्पष्ट बोलतो. पदकाबरोबर वर्षं मोजा. देशासाठी किती वर्षं खेळला आणि त्यानंतर किती वर्षं मुलांना शिकवलं, याला गुण द्या. खेळाडूचं काम गुडघा गेल्यावर संपतं असं समजून आपण नियम केले आहेत. नागपाड्याच्या कोर्टावर मी जे पाहिलं ते याच्या अगदी उलट होतं. खुर्च्या टाकून बसलेले ते म्हातारे प्रेक्षक नव्हते. कधीकाळी मुंबईकडून, महाराष्ट्राकडून खेळलेली माणसं होती ती. दर पाच मिनिटांनी त्यांतला एक उठायचा, एखाद्या पोराचा कोपर धरून आत वळवायचा आणि परत जाऊन बसायचा. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी मानधन देत नव्हतं. मॅनशार्टचं शेजारघर, त्यातून आलेली पहिली पिढी, तिच्यातून अब्बास, आणि अब्बासांचं नाव ऐकत वाढलेली पुढची पोरं, ही साखळी त्या कोपर वळवणाऱ्या हातांनी टिकवली. त्या हातांना आपल्या एकाही नियमात जागा नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या डोममध्ये, अमेरिकेतल्या एनबीएचे दोन संघ येऊन खेळले, इंडियाना आणि सॅक्रामेंटो. नागपाड्याहून वरळी किती लांब? टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या सामन्याला हजारो शाळकरी मुलं बोलावली होती, सामना जादा वेळेत गेला, इंडियानाने १३२ विरुद्ध १३१ असा एका गुणाने घेतला. मी टीव्हीवर पाहत होतो. त्या मुलांच्या किंचाळ्या ऐकून डोळे भरून आले, हे कबूल करतो. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीने घरी जाऊन विचारलं असेल, आपल्याकडे असं कोण खेळायचं? तिला उत्तर देणारं घरात कुणी असेल का, एवढीच काळजी मला तेव्हा लागली होती.

मुली म्हटलं, कारण गेल्या काही वर्षांत आशा लावली आहे ती मुलींनीच. पुरुषांनीही २०१४ साली चीनच्या वूहानमध्ये खुद्द चीनला ६५ विरुद्ध ५८ असं हरवून दाखवलं, तो दिवस मी विसरणार नाही. पण २०१७ साली बंगळूरला आपल्या महिला संघाने आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असं नमवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, जिने पुढे भारतीय संघाचं नेतृत्व केलं. नागपाड्याच्या अब्बासनंतर पुण्याची शिरीन. मुलींनो, पुढचं गावाचं नाव अजून रिकामं आहे.

आता सरांविषयी, कारण हे व्याख्यान त्यांचं आहे.

सर भारताकडून खेळले नाहीत. त्यांचं नाव कुठल्याही यादीत सापडणार नाही. अमरावतीहून शिकून ते औरंगाबादला आले तेव्हा शाळेच्या मागे नुसतं खडकाळ रान होतं. त्यांनी मुलांकडून दगड वेचून घेतले, मुरूम टाकला, रोलर मागून आणला आणि चुन्याने २८ बाय १५ ची आखणी केली. उस्मानपुऱ्यातल्या एका वेल्डरकडून सळईच्या रिंगा वळवून घेतल्या. त्या किंचित अंडाकृती होत्या, त्यामुळे आमच्या शाळेची मुलं बाहेरच्या गोल रिंगवर खेळायला गेली की नेम जास्त लागायचा. पुढे गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल झालं, विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे साईचं, केंद्र आलं, चांगली कोर्टं आली. सरांना त्याचा आनंदच झाला. पण ते सकाळी साडेपाचला जायचे ते त्या मुरुमाच्या कोर्टावरच. शाळेतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही साडेपाचला शिट्टी ऐकू आली, आणि त्यानंतर अठरा वर्षं येत राहिली.

बँकेचं ते पत्र आलं त्या आठवड्यात मी सरांकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, समजूत घातली नाही. उठले, लोखंडी कपाट उघडलं. आत हजेरीच्या वह्या, तीन शिट्ट्या, चेंडूला हवा भरायचा पंप आणि गुंडाळून ठेवलेली पांढऱ्या दोरीची जाळी होती. जाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उत्तरेकडच्या रिंगची फाटलीय. उद्या येताना शिडी घेऊन ये." मी म्हटलं, सर, जाळीशिवायही गुण मोजता येतातच की. ते म्हणाले, "मोजता येतात. पण आत गेलेल्या चेंडूचा आवाज पोराला ऐकू आला पाहिजे. तो आवाज एकदा कानात बसला की पोरगं परत येतं."

दुसऱ्या दिवशी मी शिडी घेऊन गेलो. त्याला सव्वीस वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात उत्तरेकडची जाळी पुन्हा कुजली आहे. नवी मी आजच सिटी चौकातून घेतली, ही बघा, इथे टेबलावर आहे. उद्या सकाळी साडेपाचला या मुलींचा सराव आहे. माझा गुडघा आता शिडीवर चढू देत नाही, तेव्हा जे कोणी येणार असतील त्यांनी जाताना मला भेटून जावं.